दोन मोजे आणि हजार फूट

आमच्या भाच्याला विमानतळावर नोकरी लागल्याची बातमी साखऱ्याला पोचली, तेव्हा तो विमान चालवतो असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. तो विमान चालवत नाही. कोणी, कधी आणि किती उंचीवर चालवायचं ते चालवणाऱ्यांना सांगतो, असं मी पारावर समजावून सांगितलं. त्यावर एक आजोबा म्हणाले, "म्हंजी ट्राफिक पोलीसच की. मंग वरकमाई लई आसंल!"

तसं काही नसतं म्हटल्यावर ते कळवळले. "एवढं वरचं काम, अन् वरकमाई नाही?"

वरकमाई नाही तर नाही, पण पोराला एखादी भेट तरी मिळावी, असं मामा या नात्याने मला वाटलं. निमित्तही सापडलं. 20 ऑक्टोबर हा हवाई वाहतूक नियंत्रकांचा जागतिक दिवस. 1961 साली त्याच तारखेला ॲमस्टरडॅमला त्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. आता भेट काय द्यावी? सदऱ्याचं माप माहीत नाही आणि घड्याळाची किंमत माहीत आहे. शेवटी हिंगोलीच्या बाजारात मोजे घेतले. गडद निळे, आणि प्रत्येकावर एकेक पांढरंशुभ्र विमान. "मोजे ही काय भेट झाली?" ही सौ.ची पहिली प्रतिक्रिया. दुसरी छापण्याजोगी नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. खर्च झाला की त्याला आधार दाखवावा लागतो, हे हाडीमाशी भिनलेलं. म्हणून मी इतिहासात शिरलो, आणि काय सांगू, विमानतळाचं सगळ्यात जुनं उपकरण मोजाच निघालं! धावपट्टीजवळ काठीवर फडफडणारी ती कापडी नळी. इंग्रजीत तिला विंडसॉक म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा मोजा. लांबी निदान बारा फूट, बहुधा नारिंगी-पांढरे पट्टे, आणि टाचेला जागाच नाही. विमानाने उडायचं आणि उतरायचं ते होता होईतो वाऱ्याला तोंड देऊन. तो वारा कुठून येतोय आणि त्याला जोर किती, हे हा मोजा सांगतो.

हे वाचलं आणि मला आमचं खळं आठवलं. उफणायच्या आधी वडील चिमूटभर माती वर सोडायचे आणि ती कुठे वाहते ते बघून टोपली धरायचे. वारा पडला की सगळं काम थांबे. विमानतळाचं शास्त्र साखऱ्यात होतं, फक्त धावपट्टी नव्हती. (ती अजूनही नाही. आमच्याकडचा माणूस विमानात बसायला नांदेड गाठतो.)

पुढे विमानं वाढली आणि नुसत्या मोजाने भागेना. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर 1920 साली नियंत्रण मनोरा उभा राहिला. अमेरिकेत सेंट लुईला 1929 साली आर्ची लीग नावाचे गृहस्थ रोज एक ढकलगाडी घेऊन मैदानात जायचे. गाडीत खुर्ची, छत्री, वही, पाणी, जेवणाचा डबा आणि दोन निशाणं. चौकड्यांचं निशाण म्हणजे 'चला', लाल म्हणजे 'थांबा'. थंडीत बिचारे जाड रुईदार पोशाख चढवून उभे राहायचे. त्यांना कुणी लोकरी मोजे दिले असते तर तो मजेचा नव्हे, गरजेचा भाग झाला असता.

आपल्याकडे जुहूचं मैदान 1928 चं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, तिथेच उतरले. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण जमिनीवरून आभाळाची वाट मोकळी ठेवणारांची नावं कुणाला ठाऊक असतात? 1948 साली अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला, प्रशिक्षणाचं महाविद्यालय निघालं. तिथून कितीजण शिकून बाहेर पडले. विमान टेकलं की प्रवासी वैमानिकासाठी टाळ्या पिटतात. मनोऱ्याकडे कुणी मानही वळवत नाही. याचं दुःख मला कळतं. तीनशे दिवस माझी रोकड पैशापैशाला जुळते, तेव्हा एक गिऱ्हाईक 'वा' म्हणत नाही. एक दिवस सर्व्हर बसू द्या, मग माझं नाव अख्ख्या रांगेला पाठ होतं.

तर दिवाळीला भाचा आला. मी पुडकं दिलं. त्याने हसत हसत मोजे चढवले, पाय जुळवले आणि एकदम गप्प झाला.

"मामा, ही दोन्ही विमानं समोरासमोर आहेत."

"आहेत ना. छान दिसतात!"

"आणि एकाच उंचीवर आहेत."

मग त्याने चरखी दादरीची हकिगत सांगितली. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून सौदी विमान वर चढत होतं, कझाकस्तानचं खाली उतरत होतं. एकाला चौदा हजार फुटांवर राहायला सांगितलेलं, दुसऱ्याला पंधरा हजारांवर. नियंत्रकाच्या सूचना बरोबर होत्या. पण तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. कझाक विमान पंधराच्या खाली उतरलं, ते त्याला दिसणार कसं? 349 माणसं गेली. दोन्ही विमानांतलं कुणीही वाचलं नाही. त्यानंतर उंची दाखवणारं रडार आलं, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, टक्कर टाळण्याची सूचना देणारं यंत्र विमानांना सक्तीचं झालं.

"आम्हाला हे शिकवतात," तो म्हणाला. "हजार फूट म्हणजे काय, ते विसरू नये म्हणून."

माझ्याकडे दहा रुपयांचा फरक आला तर मी खिशातून भरतो आणि घरी जातो. त्याच्याकडे फरक येऊन चालत नाही. मोजे परत घ्यायला मी हात पुढे केला, तर त्याने पाय मागे घेतला. वाकून उजवा मोजा गुडघ्याकडे ओढला, डावा घोट्यापर्यंत खाली सारला.

"झालं हजार फूट," म्हणाला.

तो कामावर ते मोजे असेच घालतो म्हणे, एक वर, एक खाली. सौ. म्हणते, पोरगा गबाळा झाला. मी काही बोलत नाही. पण रात्री अंगणात झोपल्यावर साखऱ्यावरून लुकलुकत एखादं विमान जातं, तेव्हा मी चादरीखाली स्वतःचा एक पाय उगाच थोडा वर घेतो.