वाय. मे किंग म्हणजेच डॉ. यामेई किन

एकाच व्यक्तीच्या नांवाचे दोन पाठ दोन दप्तरांत पडले, म्हणजे एका माणसाचीं दोन माणसें होतात, हा अनुभव जुने कागद चाळणारांस नवा नाहीं. सुरतकर इंग्रजांच्या पत्रांतील ‘सेवाजी’ म्हणजे शिवाजी महाराज, हें ओळखण्यास कष्ट पडत नाहींत. व्यक्ति अल्पपरिचित असली म्हणजे मात्र घोटाळा टिकून राहतो. अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या चिनी स्त्रीविषयीं असेंच घडलें.

न्यूयॉर्क इन्फर्मरीच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून १८८५ सालीं जी विद्यार्थिनी पदवीधर झाली, तिचें नांव ‘वाय. मे किंग’ असें आढळतें. सूक्ष्मदर्शकाखालील शारीर ऊतींचीं छायाचित्रें घेण्याच्या पद्धतीवर १८८७ सालीं ‘न्यूयॉर्क मेडिकल जर्नल’मध्यें जो निबंध छापला गेला, त्यावरहि हेंच नांव. नुसतें तेवढें वाचणारास ही कोणी इंग्रज बाई वाटावी! वस्तुतः ही निंगपो येथें १८६४ त जन्मलेली यामेई किन. बालपणींच आईबाप गेल्यावर मॅकार्टी या अमेरिकन मिशनरी डॉक्टरानें व त्याच्या पत्नीनें तिला पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें. लहानपणचा कांहीं काळ जपानांत गेला. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस अमेरिकेचें द्वार बंद झालें होतें. म्हणून चिनीपण झांकण्यासाठीं हें नांव घेतलें, असा तर्क करितात. तो त्याज्य नव्हे. परंतु ‘यामेई’चें ‘वाय. मे’ आणि ‘किन’चें ‘किंग’ होण्यास उच्चारसाम्यहि पुरेसें आहे, असें आम्हांस वाटतें.

आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास १८८६ त डॉक्टर झाल्या. किनबाई त्यांच्या एक वर्ष आधींच्या. संग्राहकांनीं यादींत हीं दोन्ही नांवें एकाच नोंदीखालीं आणावींत, नाहींतर निबंध एकीचा व चरित्र दुसरीचें असें होतें.

पदवीनंतर बाईंनीं अमॉय व कोबे येथें वैद्यकी केली. १८९४ त एसा द सिल्वा या गृहस्थाशीं विवाह झाला, तो १९०४ त मोडला. त्याच वर्षीं बोस्टनच्या शांतता-परिषदेंत त्या बोलल्या. १९०७ पासून तिएनत्सिन येथें युआन शिकाईच्या आश्रयानें चालणारें स्त्रियांचें रुग्णालय व वैद्यकीय विद्यालय त्यांच्या हातीं होतें. पुढें महायुद्धांत अन्नाची टंचाई भासूं लागली, तेव्हां १९१७ सालीं अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यानें सोयाबीनच्या अभ्यासासाठीं त्यांना चीनमध्यें पाठविलें. मांसाच्या जागीं टोफू चालेल, हें त्या अमेरिकनांस पटवूं पाहत होत्या. ज्या देशाच्या कायद्यानें त्यांच्या देशबांधवांस दाराबाहेर ठेविलें, त्याचेंच हें काम!

एकुलता पुत्र अमेरिकन सैन्यांतून लढतां लढतां १९१८ त फ्रान्समध्यें पडला. त्याचें आडनांव बापाचें असल्यामुळें सैनिकांच्या यादींतून आईपर्यंत पोंचणें सहज नाहीं. त्यानंतर किनबाई चीनला परतल्या आणि १९३४ सालीं पेकिंग येथें वारल्या.