हरणाऱ्याच्या बाजूनें

खेळांविषयीं ज्यांनीं लिहून ठेविलें ते बहुधा खेळणारे नव्हते, ही आमची जुनी तक्रार आहे. स्मृतिकारांनीं द्यूताचा विचार केला तो राजाच्या व कुटुंबाच्या हिताकडे पाहून. इंग्रज सरकारनें १८८७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं जुगारबंदीचा कायदा केला तो बंदोबस्ताकडे पाहून. आणि हल्लीं मुलांच्या हातांतील फोनविषयीं जे लेख प्रसिद्ध होतात ते आईबापांच्या काळजींतून निघालेले असतात. तिघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं रास्त आहे. परंतु पटाशीं बसलेल्या माणसास कोणता खेळ कां गोड लागला व कोणता कां सोडावासा वाटला, हें त्याला कोणीं विचारलें नाहीं. आम्ही नाशकांत वाढलों, नाशकांतच इतिहास शिकवितों, आणि चाळीसांहून अधिक वर्षें नाना प्रकारचे खेळ खेळत आलों आहों. त्यांत सोंगट्या आहेत, बुद्धिबळें आहेत आणि (विद्यार्थ्यांना हें ऐकून हसूं येतें) पडद्यावरील व्हिडिओ गेमही आहेत. ह्या सर्वांत आमचें हरण्याचें प्रमाण मोठें असल्यामुळें खेळ पारखण्याची एक कसोटी आपोआपच आमच्या हातीं आली आहे. खेळ हरणाऱ्यास कसा वागवितो, हें आम्ही प्रथम पाहतों.

ही कसोटी आमच्याच देशांतील शिल्पकारांना ठाऊक असावी असें वेरूळचें एकविसावें लेणें पाहतांना वाटतें. सहाव्या शतकांतील ह्या रामेश्वर लेण्यांत शिवपार्वती फासे खेळत बसलेलीं आहेत, आणि त्यांच्या खालच्या पट्टींत शिवाचे गण नंदीशीं दंगामस्ती करीत आहेत. शंकर डाव हरले व नंदी पणाला गेला, असा ह्या प्रसंगाचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावितात. देवाधिदेवाला हरलेला दाखवावयाचा आणि तेंही त्याच्याच लेण्यांत! पण पाहणाऱ्यास त्यांत उणें कांहीं वाटत नाहीं, उलट हंसूं येतें. दुसरें उदाहरण इतकें हलकें नाहीं. श्रीचक्रधर पूर्वाश्रमीं हरिपाळदेव असतां द्यूतांत हरले, पण फेडण्यासाठीं त्यांनीं पत्नीकडे अलंकार मागितले, तिनें ते दिले नाहींत, आणि त्या विरक्तींत रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानें ते घराबाहेर पडले, अशी हकीकत लीळाचरित्रांत आहे. मराठी गद्याचा आरंभीचा थोर ग्रंथ ज्या पुरुषाविषयीं लिहिला गेला, त्याच्या चरित्राला वळण एका हरलेल्या डावानें दिलें, ही गोष्ट आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं जरा घाईनें ओलांडली आहे असें आम्हांस वाटतें.

खेळांची नोंद ठेवणारे ग्रंथ आपल्याकडे अगदींच नाहींत असें नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत मानसोल्लास रचला, त्यांत क्रीडांचा एक स्वतंत्र विभाग आहे व बुद्धिबळांचाही समावेश आहे. औरंगाबादच्या हरिकृष्णशास्त्र्यांनीं १८७१ सालीं क्रीडाकौशल्य लिहून घरोघरचे पटखेळ संस्कृतांत गोळा केले. पुस्तकांबाहेरचा पुरावा पाहावयाचा तर आमच्या गांवाजवळच्या पांडवलेण्यांपर्यंत गेलें तरी पुरे. तेथील खडकांतही बैठ्या खेळांचे पट कोरलेले आढळले आहेत. ते कोणीं कोरले व केव्हां, ह्याचा निर्णय दगड देत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, उन्हाच्या वेळीं सांवलींत बसून कोणी तरी तेथें हरलें असेल.

आतां सोंगट्यांकडे वळूं. कारण ह्या खेळाचें आम्हांस सर्वांत अधिक प्रेम आहे. आमच्या आजीच्या पेटींत कापडाचा चौफुली पट होता. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू, आणि दोघांच्याही सर्व सोंगट्या घरांत गेल्याखेरीज डाव सुटत नाहीं, हें ह्या खेळाचें मर्म आहे. त्यामुळें आपली शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशीं आली असतांही जाणता खेळाडू ती कधीं कधीं आंत नेत नाहीं; तिला आणखी एक फेरा घालावयास लावितो, कीं मागें पडलेल्या भिडूच्या वाटेंतील शत्रूच्या सोंगट्या मारतां याव्या. एकट्यानें जिंकण्याची सोयच नाहीं, म्हणून एकट्यानें हरण्याची लाजही नाहीं. ह्या पटानें भाषेला ‘पौ बारा’ हा जिंकणाऱ्याचा शब्दप्रयोग दिला हें सर्वांना ठाऊक आहे; हरणाऱ्यासाठीं शब्द न देतां त्यानें भिडू दिला.

इंग्लंडांत १८९६ सालीं ह्याच पचिशीवरून ल्यूडोचें पेटंट घेण्यांत आलें. त्यांत कवड्या जाऊन एक फासा आला, आणि प्रत्येकजण स्वतःपुरता खेळूं लागला. आमच्या मतें खरा फरक हा दुसराच आहे. तोच ल्यूडो नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ सालीं ल्यूडो किंग ह्या नांवानें फोनवर आणला, आणि २०२० च्या टाळेबंदींत ज्या घरांत पट केव्हांच नाहींसा झाला होता त्या घरांतही आजी-नातवंडें पुन्हां सोंगट्या मारूं लागलीं. खेळ विलायतेस जाऊन आला, पण जातांना बरोबर असलेला भिडू तेथेंच विसरून आला!

मोक्षपट ज्ञानदेवांनीं रचला अशी आख्यायिका आहे. समकालीन पुरावा मात्र तिला नाहीं. खेळ म्हणून त्यांत खेळणाऱ्यास करावयाचें कांहींच नसतें, पडेल तें दान खरें. तरीही जुन्या पटांत शिड्यांपेक्षां साप अधिक असत व घरांवर गुणदोषांचीं नांवें लिहिलेलीं असत, त्यामुळें आपण कोणत्या दोषानें खालीं आलों एवढें तरी पडणाऱ्यास कळे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांविषयीं आम्ही अधिकारानें कांहीं सांगूं शकत नाहीं. दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२० पानें, दिवसा डाव रामाच्या पानानें सुरू व्हावयाचा व रात्रीं कृष्णाच्या, आणि निम्म्या रंगांत पानांचा क्रम उलटा. हें सर्व ध्यानांत ठेवण्याची शक्ति आम्हांस देवानें दिली नाहीं.

बुद्धिबळांच्या देशी पद्धतींत हरण्याच्या पायऱ्या होत्या. प्रतिपक्षाचीं सर्व मोहरीं मारून त्याचा राजा एकटा उरूं दिला, तर ‘बुर्ज’ झाली म्हणत व तो पुरता विजय मानीत नसत. प्याद्यानें केलेली मात सर्वांत मानाची. म्हणजे बलवानानें दुर्बळास नुसतें चिरडून भागत नसे, त्याच्यापाशीं कांहीं शिल्लक असतांच त्याला नेमकेपणानें गांठावें लागे. युरोपीय नियम आले आणि हें तारतम्य गेलें. आम्ही नव्या नियमांनींच शिकलों. तक्रार करण्याचा आमचा हक्क मोठा नाहीं. शिवाय त्या नियमांनींच आमच्या नाशिकला विदित गुजराथीसारखा ग्रँडमास्टर मिळाला. २०२० च्या आंतरजालावरील ऑलिंपियाडांत तो भारतीय संघाचा कर्णधार होता. रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत आमच्या दोन खेळाडूंची जोडणीच तुटली. त्यांतली एक नागपूरची दिव्या देशमुख होती. घड्याळ चालूं राहिलें, खेळणारा मात्र पटासमोर पोंचूं शकेना. शेवटीं जागतिक संघटनेनें सुवर्णपदक दोन्ही संघांना वांटून दिलें. हरण्याचा हा प्रकार नीळकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत नीतिमयूखांत बुद्धिबळांचें प्रकरण लिहितांना कल्पिला असणें शक्यच नव्हतें. पुढें २०२४ सालीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडांत भारतानें एकट्यानें सुवर्णपदक घेतलें, व त्या संघांतही विदित होता.

पडद्याशीं आमची ओळख रविवार कारंजाजवळच्या एका माडीवर झाली. तेथें नाण्यावर चालणारीं दोन यंत्रें होतीं, व बंद खोलींत विड्यांचा धूर भरलेला असे. एका यंत्रांत परग्रहावरील सैन्य रांगेनें खालीं उतरत असे. स्पेस इन्व्हेडर्स हा तो १९७८ सालचा जपानी खेळ. जितके शत्रू मारावे तितके उरलेले वेगानें चालून येत. थोडीं चित्रें हलवावयाचीं असलीं कीं यंत्राला तें काम लवकर साधे, आणि निर्मात्यानें ती गोष्ट खेळांत तशीच राहूं दिली, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या वयांत तें यंत्राचें कपट वाटे. दुसरा पॅकमॅन, १९८० सालचा. ह्या दोहोंत जिंकण्याची सोयच नव्हती. पॅकमॅनमध्यें तर २५६ व्या फेरीला यंत्राची मोजणीच संपते व अर्धा पडदा निरर्थक अक्षरांनीं भरून जातो. माणूस हरावा व त्यानें पुन्हां नाणें टाकावें, एवढ्याचसाठीं ती योजना होती. पण माडीवर आमच्या पाठीशीं चार मुलें उभीं असत, आणि हरणाऱ्याला त्यांच्यांत जाऊन उभें राहतां येई.

टेट्रिस ह्या घराण्यांतला असूनही आम्ही त्याला फार वरचें स्थान देतों. मॉस्कोच्या एका संगणक केंद्रांत अलेक्सेई पाजित्नोव यानें तो १९८४ सालीं रचला. वरून तुकडे पडतात, ते बसवावयाचे. रांग भरली कीं नाहींशी होते, चुका मात्र उरतात व त्यांचा ढीग वाढत जातो. हरणाऱ्यास आपली प्रत्येक चूक समोर दिसते, इतका प्रामाणिक खेळ आम्हीं दुसरा पाहिला नाहीं. ह्याची निन्टेंडो यंत्रावरील आवृत्ति डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें इतकी पुढें नेली कीं शेवटीं यंत्रच अडकून पडलें.

नंतर घरोघर टीव्हीला जोडावयाचीं चिनी बनावटीचीं यंत्रें आलीं. त्यांच्या ‘कॅसेटी’ अडल्या कीं मुलें त्यांत फुंकर मारीत. १९८५ सालच्या मारिओनें ‘जीव’ हा शब्द मुलांच्या तोंडीं घातला. ‘माझे दोन जीव राहिले’ असें वाक्य आमच्या पुतण्याच्या तोंडून ऐकून आजी दचकल्या होत्या. ह्या वर्गांत आम्हांस सर्वाधिक आवडला तो १९८९ सालचा प्रिन्स ऑफ पर्शिया. त्याच्या कर्त्यानें स्वतःच्या भावास पळतां-उड्या मारतां चित्रित करून त्यावरून राजपुत्राची चाल उतरविली होती. त्यांत जीव मोजलेले नाहींत, साठ मिनिटें मोजलेलीं आहेत. कितीही वेळां मरा, घड्याळ पुढेंच जातें. पुढें खेळ वाटेंत जपून ठेवण्याची सोय सर्वत्र झाली आणि हरणें परत घेतां येऊं लागलें. एज ऑफ एम्पायर्समध्यें (१९९७) आम्ही स्वतः लढाई हरण्याच्या बेतास आली कीं जपलेला डाव पुन्हां उघडीत असूं. इतिहासाच्या अध्यापकानें असें करावें ह्याची आम्हांस आजही थोडी शरम वाटते.

२०१८ सालीं फोनवर आलेल्या पबजींत शंभर जण एका बेटावर उतरतात व नव्याण्णव हरतात. सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं त्यावर बंदी घातली. पुढील वर्षीं त्याची भारतीय आवृत्ति आली. गोळीबाराचा आम्हांस कंटाळा आहे. पण आपण मेल्यावर आपल्या तुकडींतील सोबती कसा तग धरतो हें पाहत बसण्याची त्यांत सोय आहे, आणि मुलें तसें पाहत बसतात, श्वास रोखून. आमच्या जुन्या माडीवरील ती गर्दी त्यांत थोडी शिल्लक आहे. आपल्याकडचें उदाहरण द्यावयाचें तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० सालीं काढलेला राजी हा खेळ पाहावा. असुरांनीं पळविलेल्या भावासाठीं लढणारी मुलगी त्याची नायिका आहे. लढाईपेक्षां त्यांतील महाल व भित्तिचित्रें पाहण्यांत आमचा वेळ अधिक गेला.

ह्या सर्व प्रकारांत आम्हीं रागानें सोडला तो एकच, आणि दिसावयास तो सर्वांत निरुपद्रवी आहे: रंगीत मिठाया जुळवण्याचा कँडी क्रश, २०१२ सालचा. पांच जीव संपले कीं प्रत्येक जिवासाठीं अर्धा तास थांबा, नाहीं तर पैसे मोजा. माडीवरील यंत्र खेळण्याचे पैसे घेई, हें हरण्याचे घेतें. पैसे लावून खेळण्याचे रमी वगैरे फोनवरील प्रकार ह्याच वाटेनें पुढें गेले. रमींत कौशल्याचा भाग अधिक, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं म्हटलें होतें, आणि त्याचा आधार हे धंदे घेत असत. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें जो कायदा केला त्यानें कौशल्य कीं दैव हा भेदच बाजूस सारून आंतरजालावरील पैशांच्या खेळांस मनाई केली. वकील मंडळींना तो भेद पुसला गेल्याचें वाईट वाटलें. आम्हांस वाटलें नाहीं. कौशल्य जिंकणाऱ्याजवळ असतें. पैसे कोणाचे जातात हें एखाद्या पतपेढीच्या कारकुनास विचारावें.

आजीच्या पटाची किनार आतां विरली आहे. गेल्या दिवाळींत आम्हीं तो काढला, तेव्हां फोनवरील ल्यूडोंत तरबेज असलेली पुतणी समोर भिडू म्हणून बसली. तिच्या तीन सोंगट्या घरांत गेल्या, चौथी दाराशीं होती, आणि आमच्या दोन अजून पहिल्याच फुलींत अडकलेल्या. ‘काका, मी आंत जाऊं कां?’ तिनें विचारलें. आम्हीं तिला नियम सांगितला. तिनें क्षणभर पटाकडे पाहिलें, चौथी सोंगटी पुन्हां बाहेरच्या घरांत सरकविली, आणि कवड्या आमच्या हातांत दिल्या.