दारावरची पाटी: 'नको' म्हणायचा हक्क कोणाचा?

दारात टपालपेटी लावली म्हणजे दिसेल त्या दुकानदाराला तीत जाहिरात टाकायचं आमंत्रण दिलं, असं होतं का? प्रश्न किरकोळ वाटेल, पण याच्या आसपासची भांडणं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आहेत.

मुळात इंग्रजी कायद्यात परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे ट्रेसपास. पण पोस्टमन, शेजारी, फिरता विक्रेता यांनी दारापर्यंत येऊन कडी वाजवायला न बोलता परवानगी असते, असं हाच कायदा धरून चालतो. ती परवानगी कधीही काढून घेता येते. मग खरा प्रश्न उरतो: काढून घ्यायची कोणी? सरकारने की घरमालकाने?

ओहायोतलं स्ट्रदर्स हे पोलाद कामगारांचं गाव. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपायची. म्हणून नगरपालिकेने नियम केला: पत्रकं वाटण्यासाठी कोणाच्याही दाराची बेल वाजवायची नाही. एका धर्मप्रचारक बाईंना 10 डॉलर दंड झाला. 1943 मध्ये कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो नियम रद्द केला. न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्या घरांच्या वतीने 'नको' म्हणणारी नगरपालिका कोण? ज्याला नको त्याने पाटी लावावी, आणि पाटी न जुमानणाऱ्याला खुशाल शिक्षा करा.

पुढची लढाई टपालाची. 1967 च्या अमेरिकन कायद्याने सोय केली, की घरी आलेली जाहिरात कोणाला अश्लील वाटली तर त्याने पोस्टाला कळवायचं. मग पाठवणाऱ्याला त्याचं नाव यादीतून काढावंच लागेल. अश्लील काय, हे ठरवणार फक्त ज्याच्या घरी ती आली तो! उद्या कापडाच्या कॅटलॉगलाही तो अश्लील म्हणाला तरी चालेल. कंपन्या कोर्टात गेल्या, 'आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय?' 1970 मध्ये सरन्यायाधीश बर्गर यांनी निकाल दिला, की ज्याला ऐकायचं नाही त्याच्या टपालपेटीशी पाठवणाऱ्याचा हक्क संपतो. याहून कमी काही मान्य करणं म्हणजे एका प्रकारच्या ट्रेसपासलाच परवाना देणं, असंही ते म्हणाले.

जर्मनीत डिसेंबर 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पेटीवरच्या 'जाहिराती नकोत' या चिठ्ठीला कायद्याचं बळ दिलं. वाटपाचं काम दुसऱ्याला दिलंय, ही सबबही जाहिरातदाराला पुरत नाही.

ॲमस्टरडॅमने तर 2018 पासून नियमच उलटा केला. तोवर नको असेल त्याने चिठ्ठी लावायची होती. आता हवं असेल त्याने लावायची. चिठ्ठी नसेल तर जाहिरातींची पत्रकं टाकायची नाहीत. कागदाचा कचरा कमी व्हावा हा हेतू. व्यावसायिक कोर्टात गेले, पण 2021 मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने शहराचीच बाजू उचलून धरली.

आपल्याकडे काय? 1860 च्या दंड संहितेत नुसतं आत शिरणं गुन्हा नव्हता. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा इरादा लागायचा. आणि त्रास होईल हे माहीत असणं पुरेसं नाही, त्रास देणं हाच हेतू हवा, असं आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं. पत्रकं टाकणाऱ्याचा हेतू तर विक्रीचा! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 329 मध्येही इराद्याची ती अट कायम आहे. मोबाइलसाठी 2007 पासून 'डीएनडी'ची नोंदणी आली, पण तत्त्व जुनंच: नको असेल त्याने उठून सांगायचं. गप्प बसलात तर होकार धरला जातो.

आणि एक गोष्ट विसरू नका, मंडळी. ज्या पेटीत कोचिंग क्लासची जाहिरात पडते, त्याच पेटीत पाणीप्रश्नाच्या सभेचं पत्रकही पडतं. म्हणून सोसायटीच्या कमिटीने गेटवरच सगळ्यांना सरसकट बंदी घातली, की स्ट्रदर्सचा प्रश्न आपल्या दारात येतो. 'नको' म्हणायचा हक्क ज्याच्या त्याच्या दाराचा आहे. तो कमिटीकडे गहाण टाकायचा का?

तुमच्या सोसायटीत काय नियम आहे? कमेंटमध्ये सांगा.