अंकांच्या कळांवरील अक्षरे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आम्ही श्रोत्यांपुढे जो विषय मांडणार आहोत, तो त्या मानाने फार लहान, अगदी तळहातावर मावणारा आहे. दूरचित्रवाणीच्या रिमोटवर आकड्यांच्या दहा कळा असतात. त्यांतील दोनपासून नवापर्यंतच्या कळांवर पुष्कळदा बारीक रोमन अक्षरे छापलेली आढळतात. ती तेथे कशी आली आणि त्यांच्या साहाय्याने लिहिताना आपल्या भाषेचे काय झाले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न सुचला तो घरातच. आमच्या वडील बहिणीला, म्हणजे आक्काला, एका संध्याकाळी आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' हा चित्रपट पाहावासा वाटला. घरातल्या पेटीत चित्रपट नावाने शोधण्याची सोय होती. मात्र नाव लिहायचे ते रिमोटवरील आकड्यांच्या कळांनी आणि रोमन अक्षरांत. 'एस' हे अक्षर सातच्या कळेवर चौथे. म्हणून सात चार वेळा दाबायचे. 'एच' चारच्या कळेवर दुसरे. म्हणून चार दोन वेळा. आम्ही शेजारी बसून मोजदाद केली. अकरा अक्षरांसाठी चोवीस दाब पडले आणि दोन शब्दांमधील मोकळ्या जागेसाठी पंचविसावा. शिवाय लागोपाठची दोन अक्षरे एकाच कळेवर आली की हात आवरून क्षणभर थांबावे लागे, ते वेगळेच. दोनदा चूक होऊन पुन्हा आरंभ करावा लागला. शेवटी रिमोट खाली ठेवून आक्का म्हणाली, "अरे, चित्रपट मराठी, पाहणारी मराठी, मग हे मला इंग्रजी अक्षरं का मागतंय?" तिच्या या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा आम्हाला शंभर वर्षे मागे जावे लागले.

आकड्यांशेजारी अक्षरे बसविण्याची ही योजना मूळची टेलिफोनची. अमेरिकेत विल्यम ब्लॉव्हेल्ट नावाच्या अभियंत्याने १९१७ साली टेलिफोनच्या चकतीसाठी ती आखली. दोनपासून नवापर्यंतच्या प्रत्येक आकड्यापाशी तीन तीन अक्षरे आली. आठ त्रिक चोवीस, म्हणून सव्वीसपैकी 'क्यू' आणि 'झेड' ही दोन अक्षरे बाहेर राहिली. एकाला अक्षरे दिली नाहीत, कारण टेलिफोनचा आकडा नुसता चुकून हलला तरी यंत्राला एक हा अंक फिरवल्याचा भास होई. शून्य हा ऑपरेटरला बोलावण्यासाठी राखलेला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ही अक्षरे लिहिण्यासाठी मुळीच नव्हती. ती होती लांबलचक क्रमांक स्मरणात राहावा म्हणून. न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया हॉटेलचा क्रमांक 'पेनसिल्व्हेनिया ६-५०००' असा सांगत. नावाची पहिली दोन अक्षरे, 'पी' आणि 'ई', चकतीवर फिरविली की सात आणि तीन होत. ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाने १९४० साली या क्रमांकाचे गाणेच केले. अशी नावे लोकांच्या जिव्हाळ्याची झाली होती. पुढे कंपनीने निव्वळ आकड्यांचे क्रमांक आणावयास सुरुवात केली, तेव्हा १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नागरिकांनी त्याविरुद्ध चक्क एक संघटना उभारली. एस. आय. हायाकावा यांच्यासारखे भाषाशास्त्राचे अभ्यासक तीत होते. लढा ते हरले; आकडे जिंकले. परंतु अक्षरे कळांवरून पुसली गेली नाहीत. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये दाबकळांचा टेलिफोन बाजारात आला, तेव्हा तीही त्याच्यासोबत नव्या घरी राहावयास आली.

आता आपल्या इकडे पाहू. शब्दाच्या आधाराने आकडा लक्षात ठेवण्याची ही युक्ती भारताला नवी नव्हती. सातव्या शतकातील हरिदत्त या ज्योतिषकाराच्या ग्रंथात जिचा वापर दिसतो, ती 'कटपयादि' पद्धती नेमके हेच करते. तीत क, ट, प, य ही चारही अक्षरे एक या अंकाची. ख, ठ, फ, र ही दोनाची. आणि याच क्रमाने पुढे. कर्नाटक संगीतात 'मेचकल्याणी' हा राग आहे. त्याच्या नावातील 'म' म्हणजे पाच आणि 'च' म्हणजे सहा. अंक उलट्या क्रमाने वाचण्याचा रिवाज असल्यामुळे ते होतात पासष्ट, आणि मेचकल्याणी हा बहात्तर मेळकर्त्यांपैकी पासष्टावाच आहे. एकेका अंकाच्या घरात तीन-चार अक्षरांनी दाटीवाटीने राहावे, ही मांडणी हरिदत्ताची आणि ब्लॉव्हेल्टची सारखीच.

दोन्ही मांडण्यांत अडचणही एकच. अक्षरांकडून अंकांकडे जाणारी वाट सरळ असते; 'म' म्हटले की पाच, त्यात संशयाला जागा नाही. अंकांकडून अक्षरांकडे परतताना मात्र फाटे फुटतात. पाच म्हणजे 'म' की 'ण' की 'श'? जोवर अक्षरे केवळ स्मरणासाठी होती, तोवर परतीच्या वाटेने कोणी जातच नव्हते. ती वेळ आली मोबाइल टेलिफोनवर लोक संदेश लिहू लागले तेव्हा. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी पाठविला. तो संगणकावरून गेला होता. सामान्य माणसाच्या हाती संगणक नव्हता; त्याच्या हाती होत्या आकड्यांच्या कळा. स्मरणासाठी छापलेल्या अक्षरांवर लेखनाचे ओझे पडले ते अशा रीतीने.

ओझे पेलण्याचे मार्ग दोनच. पहिला मार्ग, बोटांनी कष्ट करावेत. तिसरे अक्षर हवे तर तीन दाब. दुसरा मार्ग, यंत्राने तर्क करावा. अमेरिकेतील सिएटल येथील टेजिक कंपनीची 'टी-नाइन' ही योजना दुसऱ्या मार्गाची. तिच्या जनकांपैकी क्लिफ कशलर यांनी आधी अपंगांच्या संवादसाधनांवर काम केले होते. ज्याला एक कळ दाबणेही कष्टाचे, त्याचा एकेक दाब वाचविण्याची दृष्टी त्यांना तेथे लाभली असावी. या योजनेत दर अक्षराला एकच दाब पुरे. ४६६३ एवढे दाबले की अक्षरांच्या एक्याऐंशी जुळण्या संभवतात. यंत्र आपल्या पोटातील शब्दकोश चाळून त्यांतून 'गुड', 'होम', 'गॉन' असे मोजके इंग्रजी शब्द पुढे करते. कोशात शब्द असेल तर सारे सुखाचे. जो शब्द कोशात नाही, तो यंत्राच्या लेखी जगातच नाही.

आणि रिमोट? त्याचा उगम निराळा आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली पहिला काढला, तो तारेने जोडलेला होता. १९५५ चा यूजीन पॉली यांचा प्रकाशाच्या झोताने चाले. १९५६ चा रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर लहानशी हातोडी आपटून, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने संकेत देई. आकड्यांच्या कळा पुढे वाहिन्या वाढल्या तशा आवश्यक झाल्या. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा वाहिनी एकच. आकडा दाबून निवडायचे काय? बीबीसीने १९७४ साली पडद्यावर मजकूर दाखविणारी सीफॅक्स सेवा आरंभिली. तीत तीन आकडे दाबून हवे ते पान मागविता येई. आकड्यांनी वाचणे येथपर्यंत आले होते. चित्रपट आणि गाणी नावाने शोधणाऱ्या पेट्या घरात आल्यावर आकड्यांनी लिहिणेही आले, आणि टेलिफोनवरील अक्षरे रिमोटवर उतरली. मायक्रोसॉफ्टने २००२ साली दिवाणखान्यातील करमणुकीसाठी संगणकाची खास आवृत्ती काढली. तिच्या रिमोटवर ही अक्षरे होती.

या रिमोटच्या आत काय घडते, ते समजले की आक्काचे उत्तर जवळ येते. रिमोट अदृश्य अवरक्त प्रकाशाच्या स्पंदनांनी बोलतो. १९८० च्या दशकात फिलिप्स कंपनीची 'आरसी-५' नावाची संकेतपद्धती युरोपात रूढ झाली. तीत प्रत्येक संदेश चौदा खुणांचा असे. पाच खुणा उपकरण कोणते ते सांगत, सहा खुणा आज्ञा कोणती ते सांगत. दोन आरंभीच्या असत आणि उरलेली एक मोठी चतुर असे. कळ नव्याने दाबली की ती खूण उलटे. कळ दाबून धरली तर तशीच राही. त्यामुळे एकच लांब दाब आणि दोन वेगळे दाब यांतील भेद समोरच्या पेटीला कळे. तीन दाब म्हणजे तिसरे अक्षर, हा हिशेब करायला पेटीला याच भेदाची गरज असते.

पण या चौदा खुणांत अक्षर कोठेच नाही! रिमोट फक्त 'सात', 'सात', 'सात', 'सात' एवढेच म्हणतो. त्याचा 'एस' पेटी करते, तिच्या आत ठेवलेल्या कोष्टकावरून. कळेवरील अक्षर ही नुसती रंगाची छपाई. कोष्टक बदलले तर तीच सातची कळ 'प' देईल, 'फ' देईल, 'ब' देईल. भारतात विकल्या गेलेल्या काही मोबाइलांच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली होती, आणि ती लिहिताही येत. म्हणजे यंत्राला मराठी अशक्य होती, असे म्हणता येणार नाही.

मात्र मराठीला ती महाग पडे. लघुसंदेशात रोमन अक्षरे एकशे साठ मावत. देवनागरी लिहिली की मर्यादा सत्तरावर येई, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात. साहजिकच आपल्या माणसांनी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची वाट धरली. त्या लिपीत 'वेळ' आणि 'वेल' एक झाले. 'बाळ', 'बाल' आणि 'बळ' यांना वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावे लागले. यात तरुण पिढीचा आळस पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तो आरोप मान्य नाही. दाब कमी, जागा जास्त आणि खर्च थोडा, असा तो व्यवहार होता. आपल्या घरची कोणतीही शहाणी गृहिणी तोच करील. दोष द्यायचा तर तो पेटीत कोणाचे कोष्टक असावे हे ठरत असताना तेथे हजर नसलेल्या आपणा सर्वांना दिला पाहिजे.

आज अनेक नव्या रिमोटांवरून आकड्यांच्या कळाच गेल्या आहेत. नाव बोलून सांगावे, पेटीने ऐकावे, असा काळ आला आहे. कष्टाचा भार बोटांवरून उतरला ही आनंदाची गोष्ट आहे. पण बोललेला शब्द कोणता, हे ओळखणारे कोष्टक अजूनही पेटीच्या आत किंवा पेटीच्या मागे कोठे तरी दूर असते. त्यात आपले शब्द, आपली गावे, आपल्या बोली किती आहेत, हा प्रश्न कळा गेल्या म्हणून सुटत नाही. तो फक्त डोळ्यांआड होतो. निदान कळेवर रोमन अक्षर छापलेले दिसत होते, म्हणून आक्काला प्रश्न पडला. न दिसणाऱ्या कोष्टकाला प्रश्न विचारावयाचा, तर आपल्याला अधिक जागे राहावे लागेल.

त्या संध्याकाळी पंचवीस दाब पुरे करून आम्ही चित्रपट लावला. आक्काने शेवटपर्यंत पाहिला आणि डोळे पुसले. मग रिमोट हातात घेऊन ती म्हणाली, "आता यावर माझं नाव मराठीत लिहून दाखव." ते आम्हाला दाखविता आले नाही. या व्याख्यानाचे निमित्त तेच.