कळलावी : तण नव्हे, बांधावरची अग्निशिखा

कळलावी (शास्त्रीय नाव : ग्लोरिओसा सुपर्बा) ही मूळची आपल्याकडचीच, कंदापासून दरवर्षी नव्याने उगवणारी बहुवर्षायू वेल आहे. आशिया व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत ती आढळते. गोव्यात कुंपणाच्या कडेला, झुडपांत आणि शेताच्या बांधावर पावसाळ्यात ती दिसते. तामिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आपल्याकडे मात्र गवताबरोबर तिचीही बहुधा छाटणी होते.

तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात ती ‘लांगली’. पानांची टोके तणाव्यासारखी वळून आधाराला विळखा घालतात. फुलाच्या सहा लहरी पाकळ्या मागे वळलेल्या असतात. उमलताना हिरवट-पिवळ्या, मग केशरी आणि अखेरीस लालभडक. ‘अग्निशिखा’ हे नाव त्यावरूनच पडले. पावसाळ्यानंतर वेल वाळते, कंद मात्र जमिनीत सुप्त राहतो. त्यामुळे वर छाटलेली वेल पुढील वर्षी पुन्हा उगवते आणि चिवट तण ठरते.

ही वनस्पती सर्वांगी विषारी आहे. कंद व बियांत ‘कोल्चिसीन’ हे द्रव्य विपुल असते. ते पेशींचे विभाजन रोखते. ठरावीक अल्प मात्रेत ते गाऊट या सांधेविकारावर औषध आहे. मात्रा वाढताच तेच प्राणघातक ठरते. खाण्यायोग्य कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. उलट्या, जुलाब ही लक्षणे काही तासांनी दिसतात. त्यामुळे त्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नावांतही धोका आहे. घरात आणल्यास ती कळ लावते, म्हणजे भांडणे होतात, ही समजूत निरुपद्रवी; पण प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा घरगुती वापर जिवावर बेतू शकतो. तिला ‘बचनाग’ही म्हणतात, हिमालयातील बचनाग ही मात्र वेगळीच विषारी वनस्पती होय.

औषधांसाठी होणाऱ्या कंदांच्या खोदाईमुळे रानातील कळलावी अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. छाटलेली वेल पुन्हा फुटते; खणून नेलेला कंद परतत नाही. चतुर्थीच्या माटोळीसाठी फुले घेताना वेल मुळासकट ओढू नये, हाताळल्यावर हात धुवावेत आणि मुले व गुरे यांना तिच्यापासून दूर ठेवावे. बांधावर ती राहू द्यावी. ताटात मात्र कधीही येऊ देऊ नये.