स्पिन, कातणे आणि पीळ

‘स्पिनर’ म्हटले की आज डोळ्यांसमोर चेंडू वळवणारा गोलंदाज येतो. पण 1925 साली पाटण्यात गांधीजींनी जी ‘ऑल इंडिया स्पिनर्स असोसिएशन’ काढली, तिचा क्रिकेटशी काडीचा संबंध नव्हता. तो आपला अखिल भारत चरखा संघ.

इंग्रजीत ‘स्पिन’चा मूळ अर्थ फिरणे नव्हेच, सूत कातणे हा आहे. जाळे कातणारा कोळी तो ‘स्पायडर’ आणि कातणारी बाई ती ‘स्पिन्स्टर’. कायद्याच्या कागदांत हीच बाई पुढे अविवाहित स्त्री झाली! गरगर फिरण्याचा अर्थ या शब्दाला सतराव्या शतकात चिकटला. मग कातणाऱ्या बाईचे हात मागे पडले आणि चातीची गिरकी तेवढी पुढे आली.

मराठीने या दोन अर्थांची गल्लत केली नाही. कातणे वेगळे, गरगरणे वेगळे. फिरण्याच्या शब्दांची तर आपल्याकडे केवढी श्रीमंती! भोवरा घुमतो, भिंगरी भिरभिरते, नाचणारी गिरकी घेते, वर्ध्याच्या उन्हात चालले की भोवळ येते. यंत्राला नाव देताना मात्र आपणही चाकच धरले. विहिरीवरचा तो रहाट आणि सूत कातायचा तोही रहाट. चरखा हा शब्द फारसी ‘चर्ख’वरून आला. चर्ख म्हणजे चाक, आणि फिरते आकाशसुद्धा. उर्दू शायर नशिबाची सगळी गाऱ्हाणी या चर्खापुढे मांडतात. त्याच नावाचे चाक सेवाग्रामात लोक मांडीजवळ घेऊन बसले, याची मला नेहमी गंमत वाटते.

गंमत आहे, तसे दुखणेही आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावानिशी ओळखला जाई. 1860 च्या दशकात रेल्वे वर्धा खोऱ्यात आली, त्यामागे या कापसाची ओढ होती. पिकवणे आपले, कातणे लँकेशायरचे. शेत राहिले, पण कातणे हे क्रियापद घराघरांतून उठून गेले. ते परत आणण्याचा खटाटोप वर्ध्यातच झाला. 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत कुमारप्पांनी त्याचा संसार मांडला आणि 1938 च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडले. त्याआधी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि तिने कताई अभ्यासक्रमात आणली. मुलाने तकलीवर सूत काढायचे, तार मोजायचे, वजन करायचे, सुताचा अंक काढायचा; गणित त्यातच आले. उर्दूत वाढलेल्या या विद्वानाने मुलांच्या हाती तकली द्यावी, हे मला फार मोठे वाटते.

हाताने कातून पाहिले की कळते, चाक फिरवणे सोपे आहे. खरे काम पिळाचे. पेळू किती ओढायचा आणि पीळ किती द्यायचा, हे बोटांनीच ठरवायचे असते. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, जास्त झाला तर गुंतून तुटतो. आपल्या म्हणीत सुंभ जळतो, पीळ जळत नाही, ते उगीच नव्हे.

भाषांचे स्वभावही इथे दिसतात. इंग्रजीत सूत कातणे म्हणजे लांबण लावून गोष्ट रचणे. 1984 पासून अमेरिकेत राजकीय बातमीला सोयीचे वळण देणाऱ्याला ‘स्पिन डॉक्टर’ म्हणू लागले. आपल्याकडे मात्र माणूस सुतासारखा सरळ होतो आणि दोघांचे सूत जुळते. थट्टेसाठी आपण फिरकी घेतो, तिथेही सुताला बोट लावत नाही.

गांधीजींच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 रोजी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. पुढे त्या दिवशी सर्वोदय मेळा भरू लागला आणि विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली: वर्षाला माणशी स्वतः कातलेली एक गुंडी. गुंडी म्हणजे 640 तार, आणि तार चार फुटांचा. म्हणजे अडीच हजार फुटांहून जास्त सूत, प्रत्येकाने आपल्या हाताने पीळ दिलेले.