एक फीत, एक तबकडी, एकच खोकं

ताईचं लग्न 1989 सालचं, डोंबिवलीतलं. ती न्यू जर्सीला गेली तेव्हा लग्नाची कॅसेट कपड्यांच्या घडीत ठेवून घेऊन गेली. पुढे 2003 साली तिने तिकडे एक यंत्र घेतलं. एका बाजूला कॅसेट घालायचं तोंड, दुसऱ्या बाजूला डीव्हीडीचा ट्रे. चार मराठी घरं जेवायला बोलावली आणि कॅसेट लावली. पडद्यावर नवरा-नवरी खालून वर पळत सुटली आणि गुरुजी चिरक्या आवाजात मंगलाष्टकं उरकू लागले. "इतकी घाई तर प्रत्यक्ष लग्नातही नव्हती रे," ताई फोनवर म्हणाली.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. डोंबिवलीची कॅसेट 'पाल' पद्धतीची: 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेतलं यंत्र 'एनटीएससी' जाणणारं: 525 रेषा, सेकंदाला सुमारे 30 चित्रं, आणि फीतही जास्त वेगाने ओढणारं. दोघांची भाषाच वेगळी. कॅसेट परत डोंबिवलीला आली आणि "तूच काहीतरी कर" म्हणून माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून मी या जोडयंत्राच्या मागे लागलो. बाजारात त्याला 'कॉम्बो' म्हणत. जुनं टाकवत नाही आणि नवं घेतल्यावाचून राहवत नाही, अशा घरांसाठी ते जन्माला आलं. म्हणजे आपल्या जवळजवळ सगळ्याच घरांसाठी.

दोन यंत्रं एका खोक्यात घालायची कल्पना मात्र डीव्हीडीच्या कितीतरी आधीची. अँपेक्स कंपनीने 1956 साली शिकागोच्या प्रदर्शनात दाखवलेला पहिला व्यवहारात चालणारा व्हिडिओ टेपरेकॉर्डर कपाटाएवढा होता, दोन इंच रुंद फितीचा आणि जवळपास पन्नास हजार डॉलर किमतीचा. तो टीव्ही केंद्रांसाठी. घरात शिरायचं तर यंत्राला टीव्हीचा हात धरूनच शिरावं लागणार, असं पहिल्या उत्पादकांनी धरलेलं दिसतं. 1972 साली अमेरिकेत 'कार्ट्रिव्हिजन' आलं, ते टीव्हीच्याच पोटात रेकॉर्डर घालून. त्याच्या कॅसेटी दोन रंगांच्या. काळ्या विकत मिळायच्या. लाल फक्त भाड्याच्या, सिनेमांच्या, आणि त्या घरच्या यंत्रावर रिवाइंडच होत नसत. एकदा पाहिलं की संपलं. पुन्हा पाहायचं तर दुकानात जा, पुन्हा पैसे मोजा. सिनेमावाल्यांना घरातल्या रिवाइंडच्या बटणाची एवढी धास्ती होती. वर्षभरातच हा उद्योग बसला. त्यात नवल नाही. पैसे देऊन आणलेली वस्तू मागे फिरवता येत नाही, हे कुठल्या घरात चालेल?

1975 साली सोनीने बीटामॅक्स अमेरिकेत नेलं, तेही जोडीनेच. एलव्ही-1901 हे मॉडेल म्हणजे लाकडी कपाटात शेजारी शेजारी बसवलेला 19 इंची ट्रिनिट्रॉन टीव्ही आणि कॅसेट रेकॉर्डर. किंमत दोन हजार डॉलरच्या वर. सुटा रेकॉर्डर त्यानंतर आला. थोडक्यात, अमेरिकेत तरी व्हीसीआरच्या घराण्यात जोडसंसार ही थोरली पाती आणि स्वतंत्र बिऱ्हाड ही धाकटी.

पुढचं बीटा-व्हीएचएस युद्ध बहुतेकांना ठाऊक आहे. जेव्हीसीच्या युमा शिराइशी आणि शिझुओ ताकानो यांच्या चमूने 1976 साली व्हीएचएस ही दोन तासांची कॅसेट आणली; बीटाची तेव्हा एकच तास चाले; सिनेमा दोन तासांचा असतो. 1988 साली खुद्द सोनीने व्हीएचएसचे रेकॉर्डर काढले, तिथे विषय मिटला.

आपल्याकडे त्या काळात 'व्हिडिओ' या शब्दाचा अर्थच निराळा होता. 1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, दुबई-सिंगापूरहून येणाऱ्यांच्या सामानातून व्हीसीआर आले, आणि "आज पाटलांकडे व्हिडिओ आणलाय" म्हटलं की त्यात यंत्र, तीन कॅसेटी, प्रसंगी भाड्याचा रंगीत टीव्ही, वायर जोडून देणारा पोऱ्या आणि जिन्यात निघालेल्या चपलांचा ढीग एवढं सगळं यायचं. गणपतीत चाळीच्या पटांगणात रात्रभर चालायचा तोही व्हिडिओच. भाड्याने मिळे ते बहुधा व्हीसीपी, म्हणजे नुसतं दाखवणारं, टेप न करणारं. लोक त्यालाही व्हीसीआर म्हणत. शब्दांच्या बाबतीत आपण उदार आहोत. आता पेन ड्राइव्हवर आलेल्या लग्नालाही आमच्याकडे 'लग्नाची कॅसेट'च म्हणतात.

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर 1996 मध्ये विकायला आली, अमेरिकेत 1997 मध्ये. चित्र स्वच्छ, रिवाइंडची भानगड नाही, कॅसेट अडकायची भीती नाही. पण बहुतेकांच्या घरी जुने टीव्ही होते आणि त्यातल्या कित्येकांना मागे फक्त अँटेनाची जागा. लोकांनी स्वाभाविक उपाय केला: डीव्हीडी प्लेअरची वायर व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरची टीव्हीत. आणि चित्र आपोआप काळवंडू लागलं, पुन्हा उजळू लागलं. कारण होतं मॅक्रोव्हिजन. नक्कल होऊ नये म्हणून चित्राच्या न दिसणाऱ्या रेषांमध्ये खोटे तीव्र संदेश पेरलेले असत. टीव्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करी; व्हीसीआरमधला प्रकाश आपोआप सावरणारा भाग मात्र त्यांना फसून चित्र कमी-जास्त करी. माणूस नक्कल करत नव्हता, नुसता बघत होता, तरी शिक्षा त्यालाच. डीव्हीडी आणि व्हीसीआर एकाच खोक्यात आले की तबकडीचं चित्र रेकॉर्डरच्या मंडलातून न जाता थेट बाहेर काढता येतं, ही कटकट उरत नाही. शिवाय वीजपुरवठा एक, रिमोट एक, टीव्हीकडे जाणारी वायर एक.

ही जुळवणी 1999 च्या सुमारास पहिल्यांदा बाजारात आणली 'गो व्हिडिओ' या ॲरिझोनातल्या लहानशा कंपनीने, आणि यंत्र बनवून दिलं सॅमसंगने. हा काही योगायोग नव्हता. गो व्हिडिओची सगळी ओळखच एका खोक्यात दोन गोष्टी घालण्याची. दोन कॅसेटी शेजारी शेजारी बसतील आणि एकीवरून दुसरीवर उतरवता येईल असा व्हीसीआर काढायचा तिचा ध्यास होता. कुणी मोठा कारखाना तो बनवून देईना. हॉलिवूडला तर तो घरपोच चोरीचा कारखाना वाटत होता. 1987 मध्ये कंपनीने सिनेमावाल्यांच्या संघटनेवर आणि बड्या उत्पादकांवर संगनमताचा दावा ठोकला. शेवटी सॅमसंगने तो व्हीसीआर बनवला आणि 1990 मध्ये विक्री सुरू झाली. ज्यांनी दोन कॅसेटींची सोयरीक जुळवली, त्यांनीच पुढे कॅसेट आणि तबकडीची जुळवली. गो व्हिडिओ स्वतः मात्र 2001 मध्ये दुसऱ्या कंपनीने गिळली आणि ती कंपनीही 2003 मध्ये दिवाळखोर झाली. कल्पना तोवर सगळ्या मोठ्या ब्रँडांनी उचलली होती.

आपल्याकडे कॉम्बोचं फारसं चाललं नाही, कारण मधल्या जागेवर व्हीसीडी येऊन बसली होती. सिनेमा दोन तबकड्यांवर, चित्र यथातथा, पण स्वस्त. 2007 मध्ये मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा भाड्याची कॅसेट आणायचं कारणच संपलं. व्हीसीआर माळ्यावर गेले. कॅसेटी मात्र कपाटात राहिल्या, कारण बारसं, मुंज, लग्न आणि गेलेल्या आजीचं चालणं-बोलणं कुठल्या दुकानात 34 रुपयांना मिळत नव्हतं.

म्हणून मी 'पाल'वाला जुना कॉम्बो शोधायला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने मागची बाजू माझ्याकडे फिरवली आणि तिथेच पहिला धडा मिळाला. मागे चित्र बाहेर काढायच्या जागा तीन-चार दिसतात, पण लाल-हिरवी-निळी कंपोनंटची आणि एस-व्हिडिओची जागा बहुतेक मॉडेलांत फक्त डीव्हीडीसाठी असते. कॅसेटचं चित्र बापड्या पिवळ्या पिनेतूनच येतं. उत्तम वायर जोडून कॅसेट लावली की पडदा काळा; लोक यंत्र बिघडलं म्हणून परत आणतात. पुढच्या काळातल्या काही मॉडेलांनी एचडीएमआयमधून दोन्ही चित्रं बाहेर काढली, पण तशी जुन्या बाजारात क्वचित सापडतात.

दुसरा प्रश्न जातीचा. साध्या कॉम्बोत नुसता डीव्हीडी प्लेअर. नंतरच्यांत डीव्हीडी रेकॉर्डर, म्हणजे कॅसेटवरून तबकडीवर एका बटणात उतरवणारा. मला तो हवा होता; तोच घेतला. विकतच्या सिनेमाची मॅक्रोव्हिजनवाली कॅसेट तो उतरवून घेत नाही, पण घरच्या कॅसेटीला आडकाठी नसते. तबकडी उतरवून झाली की 'फायनलाइज' करावी लागते, नाहीतर ती त्या एका यंत्राखेरीज कुठेच चालत नाही. हे मला दुकानदाराने सांगितलं नाही. पहिल्या दोन तबकड्या वाया घालवून कळलं.

खरी फजिती त्याआधीच झाली होती. घरी येऊन उत्साहाने लग्नाचीच कॅसेट आत सारली. अर्ध्या मिनिटात चित्राची रांगोळी विस्कटली, मग नुसता बर्फ, मग आतून खरखर. झाकण उघडलं. आत 62 मिलिमीटर व्यासाचं, किंचित तिरपं बसवलेलं चकचकीत ढोलकं असतं, त्यावर फीत वाचणारं हेड. 'पाल' यंत्रात ते मिनिटाला 1500 फेरे घेतं आणि अर्धा इंची फीत त्याला अर्ध्याहून थोडा जास्त वेढा घालून सरकते. म्हणजे कॅसेट पाहणं हे एक प्रकारचं घासणंच. तबकडीवर फक्त प्रकाश पडतो, फितीला मात्र हेड स्पर्श करतं. त्या ढोलक्यावर पांढरट भुकटी माखली होती. बुरशी. डोंबिवलीचे पावसाळे फितीच्या गुंडाळीवर बसले होते. कॅसेटच्या खिडकीतून आधी नीट पाहिलं असतं तर दिसले असते. फितीचा वीतभर तुकडा चुरगळून कायमचा गेला. वरमाला घालतानाचा.

दुरुस्तीवाल्याने कापूस बाजूला ठेवायला सांगितला. कापसाचा धागा हेडमध्ये अडकतो. त्याने अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ चामडं ढोलक्याला टेकवून धरलं आणि ढोलकंच हाताने सावकाश फिरवलं. वर-खाली एकदाही घासलं नाही. मग कॅसेट उघडून फीत कोरड्या कापडातून धीराने गुंडाळून काढली. दोन तास लागले. आणि डीव्हीडीचा भाग तेवढा वेळ विनाकारण दुरुस्तीच्या टेबलावर पडून होता. कॉम्बोचा हाच एक अंगचा दोष: एक आजारी पडला की दोघं दवाखान्यात.

या कुळाचा शेवट फुनाईच्या नावावर आहे. या जपानी कंपनीने 1980 मध्ये स्वतःची पाव इंची फितीची कॅसेट काढली होती, ती पडली. मग 1983 पासून तिने मुकाट्याने व्हीएचएस बनवले, एके काळी वर्षाला दीड कोटी. बाकीचे एकेक करून थांबले, आणि 2016 च्या जुलैमध्ये सुटे भाग मिळेनात म्हणून फुनाईनेही थांबवलं. शेवटच्या वर्षांत ती विकत होती ते हेच, डीव्हीडी आणि व्हीएचएसचे कॉम्बो. थोरल्या पातीने घराणं सुरू केलं, थोरल्या पातीनेच दार लावलं. ऑक्टोबर 2024 मध्ये फुनाई इलेक्ट्रिकही दिवाळखोरीत गेली.

म्हणजे आता मिळेल तो कॉम्बो जुनाच असणार. घेतलात तर मागची पिवळी पिन तपासा, यंत्र 'पाल' आहे का बघा, कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून पांढरं काही दिसतं का पाहा. आणि पहिल्यांदा घालायची कॅसेट कुठल्याशा टुकार सिनेमाची असू द्या. लग्नाची नको.